हातात बसणारं

घरात ठेवायला म्हणून लोर्ना पहिल्यांदाच पिस्तूल घ्यायला आली होती. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकानं, अर्लनं, दोन-तीन काढून दाखवली; पण डाव्या हातानं तिला एकाचाही वरचा भाग मागे ओढता येईना.

"हात दुखावलाय का गं, पोरी?"

"जुनं दुखणं आहे."

"मग हे छोटं रिव्हॉल्व्हर घे. ओढाताण नको की काही नको. उद्या कुणी घरात घुसलंच, तर तुला चालवता यायला हवं ना."

लोर्नानं काचेतून बाहेर पाहिलं. तिचा नवरा रॉइस पिकअपमध्येच बसून स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. कुठलं घ्यायचं ते त्यानं येतानाच बजावलं होतं.

"नको. ते मोठं काळंच द्या."

"अगं, ते तुझ्या हातात बसत तरी आहे का?"

"बसेल सवयीनं."

अर्ल जरा घुटमळला. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावाच लागणारा प्रश्न त्यानं तिलाही विचारला. "स्वतःसाठीच घेतेयस ना?"

"हो."



तिचा हाच डावा हात मोडल्याबद्दल कोर्टानं रॉइसला बंदुकीला हात लावायला बंदी केली होती.