शालोम, मामा

केतकी घरात राहिली तर आपल्या पदरात काय काय पडतं, याची मांडणी मार्तंडरावांनी केव्हाच करून ठेवली होती. पहाटे कढत पाणी, जेवणाआधी आठवणीनं गोळी, तिन्हीसांजेला गुडघ्याला तेल, शिवाय नर्सिंग शिकलेली सून घरात असल्याचा हिंगोलीजवळच्या गोरेगावात मिळणारा रुबाब. ती गेली तर काय उरतं? बायकोच्या, गंगूताईंच्या, हातचा गार चहा.

आणि ती जाणार, असा वास त्यांना येऊ लागला होता.

हिंगोलीच्या हळद बाजारात कारकुनी करण्यात त्यांची उमर गेली होती. व्यापारी पोत्यात नळी खुपसून आतली ओल बघतात, तसे ते माणसाच्या बोलण्यात नळी खुपसून बघत. सुनेच्या बोलण्यात ओल होती. कणीक मळता मळता ती मोबाइलमधल्या बाईमागं पुटपुटायची, "माइम, पाणी. लेखेम, भाकरी. याद, हात."

विचारलं तर म्हणाली, हिब्रू आहे मामा, इस्रायलची बोली. तिकडं म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला नर्सा घेतात. अजून पक्कं काही नाही.

दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळायला समुद्रापार, आणि घरचा म्हातारा? त्या दिवसापासून मार्तंडराव स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून पेपर वाचू लागले. एकदा भिंतीपलीकडून केतकीचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं.

"भाषेचं होऊन जाईल मॅडम. पण ती एक गोष्ट कमी आहे, ती मी कुठून आणू?"

कमी काय असणार? पैसा. मार्तंडरावांनी त्याच दुपारी कपाटातलं सोनं काढून बियाण्याच्या हळदीत पुरलं. मुलाला, विश्वजीतला, खोदून विचारलं. पण तो बायकोपुढंही मान हलवायचा आणि बापापुढंही.

शेवटी अक्कल सांगितली ती गंगूताईंनी. त्या गवार मोडत बसल्या होत्या.

"सोनं पुरून सून थांबती व्हय? तुमी पडा. खाटेला खिळलेल्या सासऱ्याला टाकून गेली तर लोक तोंडात शेण घालतील तिच्या."

इतक्या वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदाच कामाचं बोलली, असं मार्तंडरावांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते न्हाणीपाशी घसरले आणि त्यांचा डावा पाय गेला. केतकीनं तळव्याला चिमटा घेतला. त्यांनी दातावर दात धरून सोसला. ती घटकाभर त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. आता ही हिंगोलीला मोठ्या डॉक्टरकडं न्यायचं काढणार, अशी त्यांना धास्ती पडली.

"राहू द्या," ती म्हणाली. "आपण घरीच करू सगळं."

आणि खरंच केलं. अंगाखालची चादर माणूस न उठवता कशी बदलायची, कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, सगळं. घर रिकामं झालं की मार्तंडराव उठून परसात पाय मोकळे करून येत आणि गंगूताई दारात राखण करत. फाटक वाजलं की त्या खोकायच्या.

एकच खटकायचं. पोरीनं हिब्रू सोडलं नव्हतं. उलट आता ती त्यांच्यावरच गिरवायची. पाय उचलला की "रेगेल", पाठ पुसली की "गाव". दुखतं म्हणायचं तर "कोएव ली", हे तर तिनं त्यांच्याकडून घोटूनच घेतलं.

"मला काहून शिकवून राहिली?"

"तुमचा वेळ जाईल, मामा."

वेळ गेला खरा. ती सांगायची, त्यांच्यात शब्दाचं मूळ तीन अक्षरांचं असतं, एका गड्ड्यातून फुटलेल्या हळकुंडासारखे शब्द निघतात. कातव म्हणजे लिहिलं, मिख्ताव म्हणजे पत्र. मार्तंडरावांच्या वडिलांनी निजामाच्या काळात उर्दूत दप्तर लिहिलेलं. ते म्हणाले, हे तर आमचं किताब आणि लिहिणारा कातिब झालं. मग शालोम निघाला. शालोम खुशाली, शालेम शाबूत, आणि लेशालेम म्हणजे मोबदला चुकता करणं.

"हिशेबी लोक दिसतात," मार्तंडराव खूश होऊन म्हणाले. "चुकतं झाल्याबिगर खुशाली न्हाई."

अधूनमधून विश्वजीत फळीवर मोबाइल टेकवून खाटेचं चित्रण घ्यायचा. डॉक्टरला दाखवायचं आहे म्हणायचा. एकदा त्या मोबाइलमध्ये कोणी गोरी बाईही दिसली. ती मोठी डॉक्टर असावी. केतकीनं त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा मार्तंडरावांनी ऐटीत "कोएव ली" म्हणून टाकलं. बाई हसली. आपला पाय पक्का मेलेला दिसला, म्हणून मार्तंडरावांनाही बरं वाटलं.

पुढं जाण्याचा विषय निघेना. जिंकलो, असं त्यांनी मनात धरलं.

आणि एका सकाळी दारात जीप उभी राहिली. विश्वजीतनं टपावर बॅगा चढवल्या. अंगणात सगळी गल्ली गोळा झाली. कोणी केतकीला ओवाळत होतं, कोणी आत डोकावून मार्तंडरावांच्या पायाकडं बघत हळहळत होतं.

केतकी पाया पडायला वाकली.

"मला असं पडलेलं टाकून चालली?" ते मुद्दाम गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले.

कोणी तिच्या तोंडात शेण घातलं नाही. उलट शेजारचे जळबा म्हणाले, "मार्तंडराव, लेकरानं लई केलं तुमचं. आता जाऊ द्या तिला."

केतकी त्यांच्या कानाशी झुकली.

"मामा, त्यांना खाटेवरचा म्हातारा सांभाळल्याचा अनुभव पाहिजे होता. तेवढीच एक गोष्ट कमी होती. आपल्या घरात तर सगळे धडधाकट."

मार्तंडरावांचा डावा अंगठा चादरीखाली ताठ झाला. अंगणात माणसं उभी होती. तो त्यांनी सैल सोडला.

"आत्याबाईंपुढं रडले," ती सासूकडं बघून म्हणाली, "तर त्या म्हणाल्या, रडू नको, एक पेशंट उद्याच पाडून देते. शालोम, मामा."

जीप गेली. सुनेला नोकरी मिळाली होती आणि गंगूताईंना घरात खुशाली. त्यांनी अंगणातल्या माणसांना आत बोलावलं, बसा म्हणाल्या, आता रोज येत जा ह्यांच्यापाशी बसायला, ह्यांना काही उठता येत न्हाई. आणि डावा पाय गेलेल्या धन्याच्या उशाशी गार चहा ठेवला.