मंदाचे नवे गुडघे

शरयू शिंकत शिंकत आत आली, तेव्हा मंदा नेहमीसारखी खुर्चीत बसून होती. शाळेपासूनच्या या मैत्रिणीलाच सरकारने तिची पगारी मदतनीस नेमलं होतं. मंदाचे नवे गुडघे आतून कधीच उगवून आले होते, पण शरयूचं येणं थांबेल म्हणून ती उठतच नसे.

“बस गं जरा, आल्याचा चहा टाकते,” म्हणत मंदा तरातरा स्वयंपाकघरात गेलीसुद्धा!

“अभिनंदन!” तिच्यावर लक्ष ठेवणारी सरकारी बोलकी भिंत म्हणाली. “तुम्ही चालू लागलात. मदतनीस आजपासून बंद.”

“लबाड कुठली! बरी झालीस की!” शरयू हसली. चहा संपेपर्यंत तिच्या मनगटावर नव्या रुग्णाचा पत्ता उमटला. गाव लांबचं होतं.

ती गेल्यावर मंदा परत खुर्चीत बसली.

“माझे गुडघे दुखतायत,” ती भिंतीला म्हणाली.

“नाही दुखत, मंदाताई,” भिंत प्रेमाने म्हणाली.