न वाजवलेला दगड

एकतीस साली सोलापुरात जुन्या तुरुंगाच्या जागी नवा बांधायचं ठरलं. आराखडा आखणारा इंजिनिअर म्हणाला, "जेलरसाहेब, जुन्या भिंती कुठे पोकळ आहेत, बघू. नव्यात त्या चुका नकोत." मी जन्मठेपेच्या जोतीराम गवंड्याला हातोडी दिली. तो एकेक दगड वाजवायचा, कान लावायचा, म्हणायचा, "भक्कम हाय." माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता, मी भिंत सोडून त्याचा हातच बघत होतो. भटारखान्यामागचा एक दगड त्याने न वाजवताच ओलांडला. "तो का सोडलास?" मी ओरडलो. त्याने मान खाली घालून हातोडी मारली. आवाज पोकळ आला. दगड उपसला, तर मागे माणूस सरपटेल एवढं भोक! इंजिनिअर मात्र खूश. "न वाजवताच ओळखतो! नव्या भिंती यालाच बांधायला लावा." मी हातोडी हिसकावली. जोतीराम पहिल्यांदाच हसला. "कवा लागायचं कामाला, सायब?"