शेवटचा रकाना

वैद्यकाच्या इतिहासावरच्या माझ्या एकुलत्या एक शोधनिबंधाचा सहा वर्षांत कुणीही संदर्भ दिला नव्हता. "तुझी वाचक तूच," नवरा चिडवायचा.

आज माझ्या बाळाच्या खाटेशी उभे राहून डॉक्टर म्हणाले, "हा ताप हल्ली दिसतच नाही, ताई. एकच निबंध सापडला, शंभर वर्षांपूर्वीच्या दवाखान्याच्या नोंदवहीवरून लिहिलेला. चाळीस बाळं होती. एकही वाचलं नाही."

मी बाळाचा निसटलेला मोजा वर ओढला.

"तो निबंध माझाच आहे. नोंदवहीत सात बाळांपुढचा शेवटचा रकाना, बरं झालं की गेलं हा, कोरा होता. कोष्टक पूर्ण दिसावं म्हणून मी त्यांनाही गेलेल्यांत धरलं."

डॉक्टरांनी फोनवर तो निबंध पुन्हा उघडला.

"ती सात घरी गेली असतील ना, डॉक्टर?"