चढाच्या पायथ्याशी

साल दोन हजार सतरा. जुनं दिसणारं नवं तेव्हा दुकानात मिळू लागलं होतं आणि थोरल्याने तशी मोटारसायकल घेतली होती. गोल दिवा, टाकीवर हाताने ओढल्यासारखी सोनेरी रेघ, पितळेच्या रंगाचं प्लास्टिक. आत सगळा कारभार संगणकाचा.

रविवारी सकाळी तो फाटकाशी गाडी पुसत होता. आरशांना एक फडकं, टाकीला दुसरं, चाकांना तिसरं. त्याच्या वडिलांकडे एकच फडकं असायचं. त्यानेच गाडी पुसायची, हात पुसायचे आणि घाई असली तर तोंडही.

"आई, फार बोलायचं नाहीये," तो म्हणाला. "टेकडीवर सगळे क्लबवाले जमणार. अध्यक्षांनी विचारलं की एवढंच म्हणायचं, याच्या मागे बसलं की अगदी यांच्या मागे बसल्यासारखं वाटतं. बास. मी त्यांना सांगितलंय, बाबांच्या गाडीची आठवण म्हणून ही घेतली."

"बाबांची गाडी तू भंगारात दिलीस."

"जागा अडत होती, आई."

"आणि हिला शेड बांधलीस. बैल गेला आणि झोपा केला."

सून दारातून म्हणाली, "जाऊ द्या हो आई, म्हणा तेवढं. पुढचे अध्यक्ष आज ठरायचेत. यांना नाही केलं तर वर्षभर मलाच ऐकावं लागेल."

आईने गाडीला एक फेरी घातली. "किक कुठे हिची?"

"किक नसते आता. बटण असतं. आवाज ऐक तू फक्त!"

त्याने बटण दाबलं. धडधड सुरू झाली. हा आवाज काढणारी नळी त्याने निराळी बसवून घेतली होती. मूळची गाडी फारच शांत चालायची म्हणे. शेजारच्या घराची खिडकी बंद झाली. थोरल्याने जाकीट चढवलं. त्याची कोपरं कारखान्यातच झिजवून आणलेली होती.

आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. हेल्मेट घातलं आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून मागे बसली, जन्मभर बसत आली तशी.

गाडी चांगली चालत होती, एवढं कबूल करायला हवं. खड्डे लागत नव्हते, पेट्रोलचा वास येत नव्हता, पाय भाजत नव्हता. थोरला सारखा बोलत होता, पण तिच्याशी नाही. हेल्मेटमध्ये बसवलेल्या यंत्रातून तो पुढे गेलेल्या मित्रांशी बोलत होता. "अरे, गाडी बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं!" आईच्या डोळ्यांत धूळसुद्धा गेली नव्हती.

टेकडीच्या पायथ्याला सिग्नल लाल झाला. गाडी थांबली, समोर चढ दिसला आणि आई उतरली.

तिने विचार असा काही केला नाही. जुन्या गाडीला चढावर दोघांचं ओझं झेपायचं नाही. पायथ्याशी तिने उतरायचं, थोरल्याच्या वडिलांनी वर जायचं आणि माथ्यावर गाडी चालूच ठेवून थांबायचं, कारण बंद पडली तर पुन्हा कधी सुरू होईल याचा नेम नसे. ती धापा टाकत पोचली की ते म्हणायचे, "या बाईसाहेब, गाडी तयार आहे."

जमिनीला पाय टेकल्यावर तिच्या लक्षात आलं, ही चढली असती. ती हाक मारणार, तेवढ्यात दिवा हिरवा झाला आणि थोरला गेला.

वळणावर तरी कळेल, असं तिला वाटलं. जुन्या गाडीवर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तरी मान न वळवता पुढून प्रश्न यायचा, "काय झालं गं?" थोरला वळणावर मोठ्या ऐटीत झुकला आणि दिसेनासा झाला.

माथ्यावर क्लबवाले घोळका करून उभे होते. थोरल्याने गाडी त्यांच्या मधोमध नेऊन थांबवली आणि हेल्मेट काढलं. "अध्यक्षसाहेब, ही आमची आई. मी काही बोलत नाही. मागे बसल्यावर काय वाटलं, ते तिलाच विचारा." त्याने पाठीमागे हात केला.

अध्यक्ष अदबीने पुढे झाले आणि रिकाम्या सीटकडे बघत राहिले.

"आईपण बटणावर आहे का रे?" मागून कोणीतरी म्हणालं. "दाब, येईल!"

थोरला पांढराफटक पडला. गाडी वळवायला गेला, तर त्या गर्दीत, त्या उतारावर ते धूड वळेना. दोघांनी मागून ओढलं, एकाने पुढून. ते चाललं होतं तोवर आई हेल्मेट काखेत धरून, आपल्या चालीने वर येऊन पोचली.

"आई! उतरलीस कधी? सांगायचं तरी!"

"तुझ्या वडिलांना सांगावं लागत नव्हतं," ती म्हणाली. मग अध्यक्षांकडे वळली. "तुम्ही काही विचारणार होता ना?"

अध्यक्षांनी तिच्या काखेतलं हेल्मेट घेतलं आणि तिला बसायला जागा करून दिली.

अध्यक्षपदाचा मान दुसऱ्याच कोणाला मिळाला. जुने अध्यक्ष पुढे सायकलीकडे वळले; हल्ली भेटले की गुडघ्यांबद्दल बोलतात. थोरल्याने गाडी तिसऱ्या वर्षी विकली. जागा अडते, म्हणाला. सुनेला वर्षभर ऐकावं लागलं, ते तिने ऐकलं आणि मोटार चालवायला शिकली.

आईला आता तीच कुठे कुठे घेऊन जाते. चढ लागला की आईचा हात अजून दाराच्या कडीकडे जातो. सून रस्त्यावरची नजर न काढता म्हणते, "बसा हो आई, चढेल ही."