नवऱ्याने बाहेर थांबायचं

"तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टरबाईंनी नवऱ्याला बजावलं. "इथे आता नातेवाइकांनी दुभाष्याचं काम करायचं नाही. फोनवर माणूस मिळतो."

नवरा वाद घालत बसला नाही. मान डोलावली, खिशातला मोबाइल चाचपला आणि निघाला.

"गरीब गाय हो," सिस्टर म्हणाली. "घरूनच फोनवर काही काम करतो म्हणे. जिभेवर नुसती साखर."

"गेल्या खेपेला मीही त्या साखरेलाच भुलले."

गेल्या खेपेला या परमुलखातून आलेल्या बायकोचं दुखणं त्यानेच सांगितलं होतं. जिन्यावरून पडली म्हणे. डॉक्टरबाईंनी मलमपट्टी केली आणि तिला त्याच्याच हवाली केलं. आज ती मनगट मोडून आली होती. तिच्याकडे बघायचीही डॉक्टरबाईंना लाज वाटत होती. एवढ्या शिकल्यासवरल्या, आणि डोळ्यांवर कातडं ओढून बसल्या! नवा नियम त्यांनीच वरिष्ठांशी भांडून आणला होता.

दार लागलं तशी तिने आपणहून दुखऱ्या हाताची बाही वर सरकवून दाखवली. दंडावर बोटांचे वळ होते. ती भडाभडा बोलायला लागली.

"थांब गं बाई, मला कळू तर दे," म्हणत डॉक्टरबाईंनी फोन लावला. तिची भाषा येणाऱ्या माणसासाठी एरवी ताटकळावं लागे. आज लगेच मिळाला.

"देव पावला," सिस्टर पुटपुटली.

फोन खरखरत होता, पण माणूस अदबशीर होता. "विचारा डॉक्टर, निवांत विचारा."

"तिला म्हणावं, घाबरू नकोस. इथलं बोलणं नवऱ्याच्या कानावर जाणार नाही. हे कोणी केलं?"

फोन तिच्या भाषेत बोलला. तिने झटकन बाही खाली ओढली.

"अहो," ती आपल्या भाषेत म्हणाली, "पडले म्हणून सांगा ना."

"पडले म्हणते, डॉक्टर."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "तिला सांगा, मागच्या वेळी माझं चुकलं. मला माफ कर. या वेळी तुला एकटीला सोडणार नाही."

फोन हळू आवाजात बोलला. तिला रडू फुटलं.

"अहो, चूक माझीच. माझीच हो!"

"चूक तिचीच म्हणते. पाय घसरला."

"सिस्टर, पाणी आणा जरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग फोनकडे वाकल्या. "तुम्ही आहात ना लाइनवर?"

सिस्टरने दार उघडलं.

"आहे ना," एकदम दोनदा ऐकू आलं. एकदा टेबलावरच्या फोनमधून, आणि एकदा बाहेरच्या बाकावरून.