भेगेवरची काच

"अहो, साहेब कोपऱ्यावर आले!" बायको दारातून ओरडली. तसबिरींच्या दुकानात शिरोडकरांनी भिंतीच्या भेगेवरची फुटकी काच उपटली आणि घाईघाईने काचेची नवी पट्टी चिकटवली.

तुंबलेल्या पन्हळीचं पाणी वर्षानुवर्षं विटांत मुरत होतं. नगरपालिकेने पन्हळ साफ केली नाही. भेगेवर काच चिकटवली. काच फुटली तर भिंत सरकतेय, मग दुकान रिकामं करायचं. बाहेरचा 'वारसा वास्तू' हा फलक मात्र दरवर्षी रंगवला जाई.

नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी आत येऊन काचेवर बोट फिरवलं. "काच शाबूत, म्हणजे भिंत शाबूत. सोमवारपासून वरच्या मजल्यावर बालवाडी सुरू करू."

"सुटलो बाई एकदाचे!" बायको पुटपुटली. "साहेब, चहा टाकते."

"पोरं उड्या मारतात हो, साहेब," शिरोडकर म्हणाले.

"मारू देत की! इंग्रजांच्या काळातलं बांधकाम आहे."

शिरोडकरांनी छताकडे पाहिलं. मग खिळे ठोकायची हातोडी उचलली आणि साहेबांच्या नाकासमोर काच फोडली.

"ही मी आत्ताच लावली होती. आधीची भिंतीने फोडली."

साहेब दोन पावलं मागे, थेट रस्त्यावर.

"चहा राहू दे," शिरोडकर बायकोला म्हणाले. "आधी तसबिरी उतरव."